आराकानातली कोरी फिल्म

घाटंजी
ता. ९ फेब्रुवारी १९५८

श्री. हबीबभाई यांस विमल गावंडे हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. मी घनश्याम गावंडेची धाकटी बहीण. दादा आणि तुम्ही लढाईत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या एकाच विमानतळावर होतात. तो विमानात मागच्या सीटवर बसायचा आणि तुम्ही विमानाच्या पोटात फोटोचा कॅमेरा बसवून द्यायचा, एवढं मला त्याच्या पत्रांवरून माहीत आहे. 'नेरचा हबीब इथं भेटला म्हणून वऱ्हाडी बोलायला मिळतं, नाहीतर तोंडाला कुलूपच होतं,' असं त्यानं लिहिलं होतं. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई नेरहून बदलून आल्यात. त्या म्हणाल्या, तिथं बाजारात एक हबीब मिस्त्री आहे, घड्याळं, स्टोव्ह, शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि गाव त्याला 'फौजी' म्हणतं. तो तुम्हीच असणार, असं धरून लिहिते आहे. दुसऱ्या कुणा हबीबच्या हाती हे पाकीट पडलं, तर त्यानं कृपा करून फौजीच्या दुकानी नेऊन द्यावं.

कारण असं झालं. मी इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. लढाईतून उरलेल्या सामानाची एक पेटी नागपूरहून शाळेला मिळाली. वर होकायंत्रं, भिंगं, तारांची भेंडोळी आणि तळाशी एक काळं, दोन हातांनी उचलावं लागणारं धूड. मुली म्हणाल्या, "बाई, ही दळणाची मशीन व्हय काय?" मी मात्र पाहताक्षणी ओळखलं. दादानं एका पत्रात त्याचं चित्र काढून पाठवलं होतं. तो विमानातला कॅमेरा आहे, सोबत फिल्मचे दोन बंद डबेसुद्धा आहेत.

मला तो चालवायचा आहे. मुलींना दाखवायचा आहेच, पण त्याहून मोठं एक कारण आहे, ते पुढच्या पत्रात लिहीन. कसा भरायचा, कुठली कळ दाबायची, सगळं सविस्तर कळवा. मी शिकवणारी बाई आहे, शिकायलाही मला येतं.

आपली
विमल नानाजी गावंडे


नेर
ता. ४ मार्च १९५८

विमलताईंस हबीबचा सलाम.

तुमचं पाकीट बरोबर जागी पोचलं. उत्तराला उशीर झाला. हाताला मार लागला होता असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. पाकीट मशिनीच्या खणात ठेवलं आणि रोज खण उघडून पुन्हा लावत होतो. घनश्यामच्या बहिणीला काय लिहावं, हेच सुचेना. नेर ते घाटंजी म्हणजे दोन मोटारी बदलायच्या, दिवसाभराचा प्रवास. लढाई संपून बारा वर्षं झाली, मी तुमच्या दारी एकदा आलो नाही. शेवटी माझ्या बायकोनं, हजराबीनं विचारलं, "त्या खनात साप हाय काय, असे काहून पाह्यता?" मग लिहायला बसलो.

कॅमेऱ्याचं सांगतो. तो दूरचं पाहायला बनवलेला आहे. समोर बसवलेल्या माणसाचा फोटो त्यात धुरकट येईल. उंच जागी चढा आणि खालचं गाव धरा. फिल्म ज्या चौकोनी डब्यात भरतात त्याला आम्ही मॅगझिन म्हणायचो. ते अगदी काळोखात भरायचं, खोलीच्या फटीसुद्धा घोंगड्यांनी बुजवायच्या. मग मॅगझिन कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवून दोन्ही खटके लावायचे, कट् आवाज आला पाहिजे. बाजूचा दांडा पूर्ण फिरवला की वरचा आकडा एकनं पुढे जातो. कळ दाबायची. पुन्हा दांडा, पुन्हा कळ. बाकीचं तो आपोआप करतो.

घनश्याम माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होता, पण समज त्याची जास्त. तळावर सगळे पंजाबी, बंगाली नाहीतर गोरे. आम्ही दोघं भेटलो की बोलण्याची भूक भागेपर्यंत बोलत असू. ह्याहून जास्त आज लिहवत नाही.

नानाजींना माझा सलाम सांगा. नाही सांगितला तरी चालेल.

हबीब मिस्त्री


घाटंजी
ता. २३ मार्च १९५८

हबीबभाऊ,

तुम्ही माझ्या दादाला अरेतुरे करत होतात आणि मला अहोजाहो करता, हे काही बरोबर नाही. ह्यापुढे 'तू' लिहा.

तुमची शिकवण पाठ करून मी कामाला लागले. कोठीच्या खोलीत घोंगड्या बांधून फिल्म भरली, घामानं निथळले. कापसाच्या जिनिंगच्या पाण्याच्या टाकीवर चढायला चौकीदार सेवादासची परवानगी काढली. लुगडं कमरेला खोचून बाई टाकीवर चढली म्हणून अर्धा बाजार वर पाहत होता, म्हणजे माझ्या फोटोत सगळ्यांची तोंडं वरच असणार. बारा वेळा दांडा फिरवला, बारा वेळा कळ दाबली. आवाज छान येत होता.

फिल्म इथल्या रामलाल फोटोवाल्याकडे धुवायला दिली. बाराही जागा कोऱ्या. काचेसारखी स्वच्छ फिल्म निघाली. काय चुकलं ते कळवा.

आता ते मोठं कारण. दादा गेल्यावर सरकारी तार आली आणि महिन्यानं त्याच्या साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. त्या वेळच्या मास्तरांनी ते चावडीसमोर मराठी करून वाचलं. त्यात होतं की, आदल्या दिवशी एका पुलाचे फोटो घ्यायचे होते, ते घनश्यामच्या हातून चूक झाल्यामुळे आले नाहीत, फिल्म कोरी निघाली, आणि ती चूक भरून काढायला तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा गेला. साहेबानं ते कौतुकानं लिहिलं होतं. गावानं 'चूक' तेवढी ऐकली. नानाजीचा पोरगा वर गेल्यावर भ्याला, त्याला कळ दाबता आली नाही, त्याच्या पायी विमान चालवणारा बंगालीही गेला, असं लोक बोलू लागले. आई दोन वर्षांत गेली. बाबांनी दादाचा फोटो भिंतीवरून काढला तो पेटीत ठेवला आणि वर रजया रचल्या. घरात त्याचं नाव निघत नाही. निघालं तर बाबा उठून शेताकडे जातात.

आमच्या गावात, म्हणजे बाबा राहतात तिथं, शाळेची नवी इमारत उभी राहते आहे. तिच्या दारात गावातल्या फौजेत गेलेल्या माणसांच्या नावाची फरशी बसायची आहे, पंधरा ऑगस्टला. जिवंत आलेल्यांची दोन आणि दादाचं एक. बाबा म्हणतात, "त्याचं नाव नोका टाकू. लोकं वाचतीन अन् हासतीन." पाथरवटाला नावं जुलैअखेर द्यायची आहेत.

मला ही कळ स्वतः दाबून पाहायची होती. ती इतकी अवघड असते का, हे बघायचं होतं. माझ्यानं झालं तर बाबांना म्हणेन, ह्यात भिण्यासारखं काही नाही, दादानं ती दाबलीच असणार. आता माझीच कोरी निघाली, तेव्हा काय म्हणू?

तुमची बहीण
विमल


नेर
ता. १७ एप्रिल १९५८

विमलताई,

पत्र वाचलं. साहेबाच्या पत्राचं मला माहीत नव्हतं. चावडीसमोर वाचलं, हे तर नव्हतंच.

तुझी फिल्म जुनी असेल. लढाईतली फिल्म चौदा वर्षांनी कशी चालेल, तिच्यावरचा मसाला मेला असेल. रामलालजीकडून नवी फिल्म कापून घे, जुन्या पट्ट्यावर चिकटव आणि पुन्हा पाहा. कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्याचाही भरवसा नाही. नाही जमलं तर सोडून दे. भंगारातलं सामान असतं, त्याच्यावरून कुणाचं काही ठरवू नये.

इथे ऊन फार आहे. दुकानात काम फार आहे. मग लिहीन.

हबीब


घाटंजी
ता. ४ मे १९५८

हबीबभाऊ,

तुमचं मागचं पत्र फार घाईतलं होतं, तब्येत ठीक आहे ना?

शाळेला सुट्टी लागली. रामलालकडून नवी फिल्म घेतली, सांगितलं तशी चिकटवली, पुन्हा टाकीवर चढले. ह्या खेपेला बाबांना गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते टाकीखाली सेवादासच्या खाटेवर बसले होते. मी वरून ओरडले, "बाबा, पाहा, दाबली कळ!" चार फोटो घेतले.

चारही कोरे. रामलाल म्हणाला, "बाई, फिल्ममंधी काही दोष नाही. तिच्यावर उजेडच पडला नाही."

बाबा खाटेवरून उठून घराकडे चालू लागले. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाले, "जाऊ दे बाई. तुह्या हातालेई तोच गुन हाय. घरान्यातच हाय आपल्या, दुसऱ्याले काय बोल लावाचा." ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते गावी परत गेले, पाथरवटाला निरोप देऊन की दोनच नावं कोर.

चौदा वर्षं मी दादाच्या बाजूनं आहे. गावात, नात्यात, मला पाहायला आलेल्या लोकांसमोरसुद्धा भांडले आहे. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, बाबा म्हणतात तेच खरं असेल, दादाच्या हातून झालं असेल, आम्ही तसलेच. भाऊ, मला त्या विचाराची इतकी लाज वाटते की तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

कॅमेरा पेटीत घालून ठेवते आहे.

विमल


नेर
ता. ११ मे १९५८

विमलताईंस,

पुन्हा अहोजाहो करतो आहे. 'तू' म्हणण्याचा हक्क माझ्याकडे राहिला नाही.

कॅमेरा पेटीतून काढा. मॅगझिनच्या उजव्या अंगाला, खालच्या कडेशी, चामड्याचा एक लहानसा पदर आहे. तो उचला. त्याच्याखाली पितळेची कडी आहे. ती ओढली की एक काळा पातळ पत्रा पूर्ण बाहेर येतो. आम्ही त्याला झाकणी म्हणायचो. मॅगझिन कॅमेऱ्यावरून काढताना फिल्मला उजेड लागू नये म्हणून ती आत सारायची, आणि बसवून झालं की बाहेर ओढायची. ओढली नाही तर कळ दाबली जाते, आवाज येतो, आकडा फिरतो, आणि फिल्म कोरी राहते. बिनओढलेली झाकणी बाहेरून दिसत नाही.

हे मी तुम्हाला दोन पत्रांत लिहिलं नाही. विसरून नाही. पहिल्या पत्रात खटक्यांपर्यंत आलो, पुढचं वाक्य झाकणीचंच होतं, आणि ते लिहवेना. वाटलं, तुम्हीच हात फिरवता फिरवता शोधून काढाल. दुसऱ्या पत्रात फिल्म जुनी आहे म्हणून लिहिलं ते सरळ खोटं होतं.

झाकणी ओढणं हे विमानात बसणाऱ्याचं काम नव्हतं. ते माझं काम होतं. रीत अशी होती की, कॅमेरा बसवला की झाकणी ओढायची आणि शेडच्या भिंतीवर त्या विमानाच्या नंबराखाली खिळा असे, त्याला टांगायची. त्या सकाळी घनश्याम विमानापाशी उभा होता. टपाल आदल्या दिवशी आलं होतं. एक पत्र तुमचं होतं, तुम्ही बारा वर्षांच्या असाल. बकरीनं तुमची पाटी-पुस्तकं न्यायची टोपली खाल्ली आणि तुम्ही बकरीलाच शाळेत नेऊन मास्तरांसमोर उभं केलं, असं काही होतं. तो वाचत होता आणि मी विमानाच्या पोटाखाली पालथा पडून हसत होतो. दोन महिन्यांनी घरचं बोलणं ऐकत होतो. हसत हसत खटके लावले आणि बाहेर सरकलो. खिळ्याकडे पाहिलं नाही.

ही गोष्ट लिहू नये असं वाटत होतं, म्हणजे तुमच्यावर काही येतं असं नको. तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही बकरीचं लिहिलं, त्यानं वाचलं, काम माझं होतं.

विमान परत आलं, मॅगझिन काढायला गेलो तेव्हा झाकणी आतच होती. कुणाला बोललो नाही. फिल्म कोरी निघाल्यावर साहेबानं घनश्यामला विचारलं आणि चूक त्याच्या नावावर गेली. दुसऱ्या दिवशी तोच पूल, आणि आता खालचे तोफवाले वाटच पाहत होते. मी त्या दिवशी झाकणी ओढली, खिळ्याला टांगली, तीन वेळा पाहिली. विमान परत आलं नाही. झाकणी संध्याकाळपर्यंत खिळ्याला होती.

हे कुणालाच कळलं नाही. घनश्यामलाही नाही.

नेरमध्ये लोक मला फौजी म्हणतात. बाजारच्या दिवशी दुकानात बसून मी त्यांना लढाईच्या गोष्टी सांगतो. ही कधी सांगितली नाही. हजराबीलाही ठाऊक नाही. तुमच्या दादानं कळ दाबली होती, ताई. प्रत्येक वेळा दाबली होती.

हबीब


घाटंजी
ता. ३ जून १९५८

हबीब मिस्त्री यांस,

तुमचं पत्र पोचून तीन आठवडे होत आले. इतके दिवस लिहायला हात उचलला नाही.

झाकणी ओढली. फोटो आला. बाजार, जिनिंगचे ढिगारे, बैलगाड्या, सगळं लख्ख. रामलालनं तो दुकानात लावायला मागितला. मी दिला नाही, आणि मला तो पाहवतही नाही.

तुम्हाला काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. चूक कुणाच्याही हातून होते, मी मुलींना रोज सांगते. पण मी तुम्हाला बाबांचं लिहिलं, आईचं लिहिलं, फरशीचं लिहिलं, आणि ते वाचून तुम्ही मला 'फिल्म जुनी असेल' असं कळवलंत. बाबांना टाकीखाली बसवून मी वरून ओरडत होते, तेव्हा काय होणार हे जगात एका माणसाला माहीत होतं. ते मला विसरता येत नाही. आणि ती बकरी! तुम्ही खरं लिहिलंत, ते बरंच केलंत, पण आता वर्गात टोपली दिसली तरी मी तोंड फिरवते.

गावी जाऊन पत्र बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं ते तुम्हाला शिव्या देतील, किंवा रडतील. त्यांनी दोन वेळा वाचून घेतलं. मग बराच वेळ सुतळी वळत बसले. शेवटी म्हणाले, "लोकाईनं म्हटलं ते म्हटलं. म्या बाप असून मानलं." पाथरवटाकडे जा, नाव सांगून या, असं मी म्हटलं. तर म्हणाले, "कोन्या तोंडानं सांगू? चौदा वर्सं त्याले पेटीत कोंडला, अन् आता म्हनू माह्या पोराचं नाव कोर?"

त्यांना एकच गोष्ट हवी आहे. तुम्हाला विचारायला सांगितली आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्याले इचार, माह्या पोराले मालूम होतं काय? का तोई सोताचीच चूक समजून गेला? मरतानी पोरगं काय समजून मेलं, येवढं सांग म्हना."

तुम्ही लिहिलंय की त्याला कळलं नव्हतं. मी ते वाक्य बाबांना वाचून दाखवलं होतं. तरी ते विचारतात. तेव्हापासून त्यांनी अन्न जवळजवळ टाकलं आहे. म्हणून विचारते.

विमल गावंडे


नेर
ता. १९ जून १९५८

विमलताईंस,

नानाजींनी बरोबर विचारलं. मी पुन्हा खोटं लिहिलं होतं. कबुली देतानाही मी थोडं झाकून ठेवलं, कारण उरलेलं जास्त वाईट आहे.

घनश्यामला माहीत होतं.

फिल्म कोरी निघाली, त्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्या तंबूत आला. मी पेटीवर बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झाकनी राह्यली होती न?" मी नाही म्हणू शकलो नाही. मी त्याचे पाय धरले. मला कोर्ट मार्शलची भीती होती. हजराबीला पहिलं मूल झाल्याचं पत्र त्याच टपालात आलं होतं, आणि मी ते त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. ताई, मी रडत होतो खरं, पण लेकराचं नाव मी मुद्दाम घेत होतो. त्याचं मन मऊ आहे हे मला ठाऊक होतं.

साहेबासमोर त्याचा जबाब त्यानंतर होता. त्यात तो म्हणाला, "सर, माझ्याकडून कळ दाबायला उशीर झाला असेल, मला उद्या पुन्हा जाऊ द्या." मी दाराशी उभा होतो. मी तोंड उघडलं असतं तर तो गेला नसता, दुसरा कुणी गेला असता, किंवा पुलाचं काम दोन दिवस लांबलं असतं. मी तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मी काही मोठं केलं नाही. उद्या जातो, फोटो घेऊन येतो, झालं. तू फक्त उद्या झाकनी वढ, लेका." आणि हसला. सकाळी विमानात चढताना खिळ्याकडे बोट करून त्यानं मला विचारलं, "टांगली?" मी म्हटलं, "टांगली." तेच आमचं शेवटचं बोलणं.

नानाजींना सांगा, त्यानं स्वतःची चूक समजून जीव दिला नाही. त्याला पक्कं माहीत होतं की त्याचा हात चुकला नाही. तो मान खाली घालून गेला नाही. मान खाली घातलेला तिथं एकच माणूस होता, आणि तो परत आला, दुकान टाकलं, फौजी झाला.

तुमच्या गावात येऊन हे सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे. मी मोटारीच्या अड्ड्यावर दोनदा गेलो आणि परत आलो. हिंमत होत नाही, हे खरं कारण आहे.

हजराबीला हे पत्र टाकायच्या आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या पोराचा जन्म असा वापरला तुम्ही?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

हबीब


नेर
ता. २० जुलै १९५८

विमलताईंस,

तुमच्याकडून उत्तर आलं नाही. त्याऐवजी काल नानाजी आले.

तुम्हाला ते कुठे म्हणून सांगून निघाले माहीत नाही. बाजाराचा दिवस होता. दुकानात चार माणसं बसली होती, कापडवाला अब्दुल गनी आणि तीन शेतकरी. एक म्हातारा पायरीशी येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण घनश्यामचे कान तसेच होते. हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

अब्दुल गनी म्हणाला, "या काका, बसा. फौजीच्या गोष्टी आयकाले आले काय?"

नानाजींनी मला विचारलं, "इथं तुले फौजी म्हन्ते?"

मी म्हटलं, "हाव."

"यायले मालूम हाय काय, तू मले लिवलं ते?"

"नाही."

ते आत आले आणि शिलाई मशिनीच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "मंग सांग. पुरं सांग. मलेई आयकाचं हाय तुह्या तोंडून."

ताई, पळून जावंसं वाटलं. मागचं दार उघडं होतं. पण हजराबी त्या दारात येऊन उभी राहिली होती आणि ती बाजूला झाली नाही. मी सांगायला लागलो. बकरीपासून सांगितलं. अडखळलो की नानाजी "मंग?" म्हणायचे. लेकराचं नाव मुद्दाम घेतलं, तेही सांगितलं. माझं संपलं तेव्हा तिघे शेतकरी उठून गेले होते. अब्दुल गनी खाली पाहत बसला होता, थोड्या वेळानं तोही चपला घालून निघून गेला. आता नेरमध्ये मला कुणी फौजी म्हणणार नाही. आज सकाळपासून दुकानावर कुणी आलं नाही.

मी नानाजींच्या पायाशी बसलो आणि माफी मागायला लागलो. त्यांनी हात धरून थांबवलं. म्हणाले, "माफी कोनं कोनाले मांगाची? तू भेवानं खोटं बोल्ला. मले तं कोनाचं भेव नव्हतं, तरी म्या पोराचं नाव घेनं सोडलं. मीच त्याच्याकडून कधी मांगीन, अन् कशी?" आणि मग ते रडले, ताई. मोठ्यानं, भर बाजारात, दुकानाचं दार उघडं असताना. मला त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही. हजराबीनं लावला.

तिनं जेवायचं विचारलं. ते नको म्हणाले. मग पाणी आणलं. त्यांनी गडव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानी पेतो. जेवाचं आत्ता नाही होनार माह्याकून." सगळं पाणी प्यायले.

परतीच्या मोटारीपर्यंत मी त्यांच्या मागून चालत गेलो. त्यांनी सांगितलं की पाथरवटाला तिसरं नाव त्यांनी स्वतः जाऊन दिलं, माझं जूनचं पत्र तुम्ही वाचून दाखवलं त्याच आठवड्यात. पेटीतला फोटोही काढला आहे. मी म्हटलं, बरं झालं.

मोटारीत चढल्यावर त्यांनी खिडकीतून मला बोलावलं. म्हणाले, "पंधरा ऑगस्टले ये. समोर नोको येऊ, माह्यानं पाह्यलं जानार नाही. लोकाईच्या मांगं उभा राह्य. पन ये."

मी चौदा तारखेला निघतो आहे. मागे उभा राहीन.

हबीब